उचललेलं ताट

हैबतरावांच्या बोटांत वरणभाताचा घास होता आणि समोरून ताट गेलं. उजव्या खांद्याजवळून पांढरा हातमोजा घातलेला एक हात आला, कसलाही आवाज न करता चांदीचं ताट उचलून घेऊन गेला, आणि टेबलावर पाण्याचा पेला तेवढा राहिला. ताटात अर्धी पोळी होती, अळूची वाटी होती, लिंबाच्या लोणच्याला तर अजून बोट लागायचं होतं. आधी त्यांना वाटलं, वाढप्याची चूक झाली. मग दिसलं, की सगळ्याच टेबलावरची ताटं निघाली आहेत. टोकाच्या खुर्चीत राज्यपालांनी जेवण संपवून रुमालाने ओठ टिपले होते, आणि त्यांचं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं. नियमच तो. हैबतरावांना तो कुणी सांगायला नको होता. उत्तरेकडच्या एका राज्यात बावन्न ते सत्तावन्न अशी पाच वर्षं ते स्वतः त्या टोकाच्या खुर्चीत बसले होते. त्या खुर्चीतून मात्र हे असं दिसत नसे. तिथून एवढंच दिसे, की आपण जेवलो आणि टेबल स्वच्छ झालं.

हातातला घास त्यांनी तोंडात टाकला, पण कवळी नवी होती, घास इकडून तिकडे फिरत राहिला आणि तोवर सगळे उभे राहिले होते. तोंडात घास घेऊनच हैबतराव उभे राहिले. बाहत्तर वर्षांच्या माणसाला भरल्या तोंडाने उभं राहताना जी लाज वाटते, ती त्यांना वाटली. राज्यपालांचा यात काही दोष नव्हता. गृहस्थ सौजन्याचे होते. पुण्याच्या मुक्कामात त्यांनी या भागातल्या हयात माजी राज्यपालांना मुद्दाम दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं, जुन्यांना बरं वाटावं म्हणून मराठी बेत करवला होता. हयात असे तिघे. एक अंथरुणाला खिळलेले. आले ते दोघे, हैबतराव वाळंज आणि नाशिककडचे भिवाजीराव. मान सांगावा जनांत आणि अपमान सांगावा मनांत, असं म्हणून हैबतराव गप्प राहिले असते आणि घरी येऊन वामकुक्षी घेतली असती, पण व्हरांड्यात भिवाजीरावांनी त्यांना गाठलं. भिवाजीरावांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलत.

"काय वाळंज, उपाशीच ना? मी आपला घरून पिठलंभात खाऊन आलोय. आपणच पाच-पाच वर्षं लोकांना उपाशी उठवलंय, एवढं ठाऊक नको?" आणि ते पोट हलवून हसले. "आमच्या हिनं पहिल्याच महिन्यात मला झापलं. म्हणाली, तुम्ही गव्हर्नर झालात आणि मी भुकेनं मरतेय. तेव्हापासून तिचं होईपर्यंत मी रिकाम्या ताटात चमचा फिरवत बसायचो. लोकांना वाटायचं, गव्हर्नरसाहेब फार चवीनं जेवतात. तुमच्या मंडळी काय करायच्या हो?"

हैबतरावांनी नुसतेच ओठ हलवले. भिवाजीरावांना ऐकू येत नसल्यामुळे ते खपून गेलं.

वाल्मीकने गाडी घराकडे, पौड रस्त्याला लावली. वाल्मीक गेली सात वर्षं त्यांच्याकडे होता आणि साहेबांच्या मानेवरून त्याला साहेबांचा राग कळत असे. आज मान रागाची नव्हती, तरी त्याने रेडिओतल्या बातम्यांचा विषय काढला नाही. हैबतराव खिडकीतून बघत होते. मार्गशीर्षातलं ऊन, भात कापलेली खाचरं, मध्येच एखाद्या खळ्यावर झोडणी चाललेली. मंडळी काय करायच्या? प्रश्न एवढासा होता. पाच वर्षं चंद्राबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसत, काठपदराचं लुगडं नीट आवरून, आणि मध्ये चौदा, वीस, कधी चाळीस माणसं असत. तिच्या ताटात काय असायचं, ते एवढ्या लांबून कसं दिसणार? दिसायला बघावं लागतं, हेही त्यांना आता कळत होतं. आणि सकाळी निघताना तर ते तिच्यावर खेकसून आले होते. "भूक नाही म्हणजे काय? मुद्दाम करतेस का?" असं म्हणाले होते. कारण चंद्राबाई गेले आठ महिने वाळत चालल्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून पाहिलं, रोग काही सापडला नाही. बाहेर पडवीत येऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं, "जेवण वाढलं तर बाई उभ्या राहतील. नाहीतर पुढचा पावसाळा बघतील असं मला वाटत नाही." आणि जेवणाचं तर असं, की हैबतराव ताटावरून हात काढत त्याच क्षणी चंद्राबाईंचंही पोट भरे. चार घास, पाच घास. गोजराबाई स्वयंपाकीण रोज ताट परत नेताना पदराने डोळे पुसायची आणि हैबतरावांना तिचा राग यायचा. आजवर त्यांना तो योगायोग वाटला होता. योगायोग कसला? पाच वर्षांत माणसाला जे वळण लागतं, ते ताटं उचलणारे गेले म्हणून जातं थोडंच?

ते स्वतः भराभर जेवणारे. त्याचा त्यांना अभिमानही होता. बेचाळीसच्या तुरुंगात जेवणाची शिटी व्हायची आणि दुसरी शिटी झाली की पुढ्यातलं असेल तसं टाकून उठावं लागायचं. पहिले पंधरा दिवस हैबतराव उपाशी उठले, सोळाव्या दिवसापासून सहा मिनिटांत जेवायला शिकले, आणि ते आयुष्यभर विसरले नाहीत. मंत्री झाले तेव्हा भाषणांत सांगायचे, माझं जेवण सहा मिनिटांत होतं, उरलेला वेळ जनतेचा. लोक टाळ्या वाजवत. तुरुंगातली ती दुसरी शिटी आपण स्वतःच्या टेबलावर वाजवत होतो, ती आपल्याच बायकोच्या पोटावर वाजत होती, हे तेव्हा कोण सांगणार? त्याआधी, पौडच्या कोर्टात वकिली करत होते तेव्हा, चंद्राबाई सगळ्यांच्या मागून जेवायच्या. चुलीपाशी पाटावर, जावेबरोबर, चांगला तासभर. बोलत बोलत, हसत, ताटात पुन्हा पुन्हा कालवण घेत. माजघरातून त्या हसण्याचा आवाज यायचा आणि हैबतरावांना वाटायचं, ही बाई आपल्या मागून खाते हे काही बरं नाही. राज्यपाल झाल्यावर त्यांनी मोठ्या समाधानाने तिला म्हटलं होतं, "आता तू माझ्याबरोबर बसायचं. सगळ्यांच्या देखत." तिला मान दिला असं त्यांना वाटलं. मान दिला आणि जेवण काढून घेतलं. आणि वडील काय शिकवून गेले होते? पंगतीत शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय उठायचं नाही. गावी, कासार आंबोलीत, एकदा एक म्हातारा भिक्षेकरी पंगतीला बसला होता, त्याला दात नव्हते. सगळी पंगत अर्धा तास हात वाळवत बसली होती. लहानगा हैबत चुळबुळ करायला लागला, तेव्हा वडिलांनी नुसतं बघितलं होतं.

पिरंगुट मागे पडत होतं आणि त्यांना कोंडाजी आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा, तो इतका वेळ दाराबाहेर उभाच होता आणि आता आत आला. कोंडाजी रिह्याचा. घरचा विश्वासाचा माणूस म्हणून त्याला ते उत्तरेत बरोबर घेऊन गेले होते. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी खासगी महालाच्या दाराशी पहारेकऱ्याने त्याला अडवलं तर बंडीच्या आत रुमालात बांधलेली भाकरी आणि लसणीची चटणी निघाली. एवढ्या मोठ्या घरात भाकरी चोरायची काय गरज होती? पण लष्करी सचिवांनी कागद वर पाठवला, आणि घरचा माणूस म्हणून सोडला तर बाकीचे काय म्हणतील, म्हणून हैबतरावांनी त्याला समोर बोलावलं. कुणासाठी नेत होतास, असं आपण विचारलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. कोंडाजी खाली बघून म्हणाला होता, "चुकलं, साहेब." दुसऱ्या दिवशीच्या गाडीने त्याला परत पाठवलं. चंद्राबाईंनी त्या दिवशी ब्र काढला नाही. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून त्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. आता हैबतरावांना घाम आला, डिसेंबरच्या उन्हात.

"वाल्मीक, घोटावड्याच्या फाट्याला वळव. रिह्याला जायचंय."

कोंडाजी खळ्यावरच होता. मुलगा झोडणी करत होता आणि म्हातारा सूप घेऊन दाणा वारवत होता. गाडी बघून त्याने सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. दहा वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. रिहे काही लांब नाही, कासार आंबोलीहून तासाभराचा रस्ता नव्हता, पण ज्याला चोर म्हणून पाठवला त्याच्या गावाला माणूस कशाला जाईल? कोंडाजीच्या तोंडात आता एकही दात नव्हता. त्याने पोत्यावर घोंगडं टाकलं. हैबतराव बसले नाहीत.

"कोंडाजी, ती भाकरी कुणासाठी होती?"

"आता काय करायचं त्ये, साहेब? धा वरसं झाली."

"सांग तू."

कोंडाजीने त्यांच्याकडे बघितलं. त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं. "तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? मला वाटलं, बाईसाबांनी मागनं सांगितलं आसंल." मग सूप पुन्हा उचलून तो त्यातले दाणे बोटांनी सारखे करत बोलायला लागला. "बाईसाबांचं चार घास हुईस्तोवर तुमचं जेवान झालेलं आसायचं. ताट गेलं की त्या उठायच्या. मुदपाकखाना ह्या टोकाला, तुमची खोली त्या टोकाला, आन त्यांनी तकडं पाय ठेवायचा न्हाई, आसा तितला कायदा. मी भिताडाला हुबा राहून बघायचो की. एक डाव म्हनलं, बाईसाब, भाकरी आनू का? तवापास्नं आनायचो."

"कुठं खायची?"

"न्हानीघरात. नळ सोडून. भाईर आवाज जाऊ नये म्हनून."

खळ्यावर मुलाचं झोडणं चाललं होतं. भाताची पेंढी फळीवर आपटत होती, दाणे उडत होते. हैबतराव त्या उडणाऱ्या दाण्यांकडे बघत राहिले. "मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "कुणासाठी म्हणून विचारलं होतं. बोलला का नाहीस?"

"बाईसाबांनी आन घातली व्हती. तुमची नाचक्की हुईल म्हनाल्या." कोंडाजीने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग त्याने ते सांगूनच टाकलं. "आन कुनासाटी म्हनून तुमी न्हाई इचारलं, साहेब. तुमी इचारलं, कितीदा नेलीस."

हे खरं होतं. ऐकल्याबरोबर हैबतरावांना तो आवाज आठवला, स्वतःचाच. कितीदा नेलीस. वकिली आवाज. इतकी वर्षं त्यांनी तो प्रश्न मनातल्या मनात बदलून ठेवला होता, आणि बदललेल्या प्रश्नावर सुखाने झोपले होते. त्यांना वाटलं, कोंडाजीने आता शिव्या द्याव्यात. कोंडाजी म्हणाला, "गावानं दोन-चार वरसं चोर म्हनलं. मग दुसरा कुनी घावला आसंल, सोडलं मला. बाईसाब बऱ्या हायेत न्हवं?"

"जेवत नाही."

कोंडाजीने सूप बाजूला ठेवलं, घरात गेला आणि धडप्यात बांधून पायलीभर तांदूळ घेऊन आला. "नवा आंबेमोहोर हाय. मऊ भात करा त्यास्नी. आन साहेब, घाई करू नगा." कशाची, ते तो बोलला नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला गोजराबाईने दोघांची ताटं मांडली. नव्या तांदळाचा वास घरभर झाला होता. हैबतरावांनी पहिला घास घेतला आणि तो चावत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते घास मोजून, थांबून, पाण्याचा घोट घेऊन जेवत होते, आणि जेवणं किती अवघड काम आहे हे त्यांना कळत होतं. चंद्राबाईंचे चार घास झाले. त्यांनी सवयीने यांच्या ताटाकडे बघितलं. यांचा भात तसाच होता. त्यांनी पाचवा घेतला, सहावा घेतला. कांकणं मनगटावरून कोपराकडे घसरत होती. ती कांकणं एवढी सैल झाली आहेत हे हैबतरावांनी तेव्हा बघितलं.

"आज हळू जेवताय. कवळी लागतेय का?"

"हो. लागतेय थोडी."

"मग भात कालवून देऊ का मऊ?"

"नको. तू जेव."

नऊ घास झाले. गोजराबाई दाराआड उभी राहून बघत होती आणि आत जाऊन चुलीपुढे रडली, ते यांना ऐकू आलं. पण या वेळी राग आला नाही. मग ते रोजचंच झालं. पौष गेला, माघ आला, हैबतराव रिकाम्या ताटात भाताची चार शितं राखून ठेवत आणि ती इकडून तिकडे सारत बसत. सहा मिनिटांचा माणूस पाऊण तास जेवायला लागला. चंद्राबाईंच्या ताटात बारा घास जायला लागले, एकदा तर अर्धी भाकरीही गेली. डॉक्टर माघात येऊन गेले, म्हणाले, "काय औषध दिलंत?" हैबतरावांना फार वर्षांनी आनंद झाला, अगदी उघडा आनंद. त्यांनी वाल्मीकला पेढे आणायला सांगितले. त्यांना वाटायला लागलं, पाच वर्षांचं आपण हप्त्याहप्त्याने फेडू. वेळ आहे.

फाल्गुनात चंद्राबाईंनी विषय काढला, तोही कसा, तर पडवीत बसून चिंच निवडता निवडता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कोंडाजी भेटला वाटतं."

"हो."

"बरा आहे ना?"

"बरा आहे. दात गेले."

त्यांनी दोन चिंचा निवडल्या. "तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्या गरिबाला चोर ठरू दिलं. मला वाटलं, गव्हर्नराची बायको उपाशी असते म्हटल्यावर लोक तुम्हाला हसतील. ते माझं पाप आहे, तुमचं नाही." आणि मग इतक्या सहज, की हैबतरावांना ते नीट ऐकल्याचा भरवसा वाटेना, त्या म्हणाल्या, "आता तुम्ही एवढं बळेबळे बसू नका हो ताटावर. पाठ दुखते तुमची, दिसतं मला. तुमचं व्हायचंय म्हणून मी आपली गिळत राहते. भूक कधीच गेली. तिकडेच गेली."

म्हणजे ती जेवत होती तीसुद्धा यांच्यासाठीच. तेव्हा यांचं झालं म्हणून थांबायची, आता यांचं झालं नाही म्हणून थांबता येत नव्हतं तिला. तिच्या स्वतःच्या पोटापर्यंत यांचा हात कधी पोचलाच नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण हैबतरावांना वाटलं, आपल्याला तर आपलं जळत होतं तेही दुसऱ्याने येऊन सांगावं लागलं. त्यांनी तिच्या हातातली चिंच काढून घेतली आणि तो हात आपल्या हातात धरून बसले. असं धरून बसायची त्यांना सवय नव्हती, तिलाही नव्हती. "कुणीतरी येईल," असं म्हणून तिने तो थोड्या वेळाने काढून घेतला.

डॉक्टरांचा हिशेब चुकला नाही. पावसाळ्याच्या महिनाभर आधी, वैशाखात, चंद्राबाई गेल्या. शेवटचे आठ दिवस नुसती पेज, तीही चमच्याने. हैबतराव स्वतः भरवायचे. प्रत्येक चमच्यानंतर त्या डोळ्यांनीच विचारायच्या, तुमचं झालं का? आणि ते म्हणायचे, "नाही अजून. व्हायचंय माझं."

तेराव्याला अंगणात मांडव घातला. पुण्याहून मोटारी आल्या, तालुक्याची माणसं आली, भिवाजीरावसुद्धा काठी टेकत नाशिकहून आले. रिह्याहून कोंडाजी पायी आला होता, धुतलेलं धोतर नेसून, आणि मांडवाच्या कडेला चपलांपाशी उभा होता. हैबतरावांनी त्याला हाताला धरून आणलं आणि पहिल्या पंगतीत आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. तो नको नको म्हणत होता. पुतण्याने तोंड वाकडं केलं, पण दुःखाच्या घरात कोण बोलणार? पंगत जेवली. दुसरी पंगत उन्हात उभी होती, मोटारवाल्यांना घाटातलं ऊन उतरायच्या आत पुणं गाठायचं होतं, वाढपी पत्रावळी गोळा करायला टोपल्या घेऊन तयार होते. सगळ्यांचं झालं. कोंडाजीचं झालं नव्हतं. तो एकेक घास कालवून, हिरड्यांनी घोळवून, मान खाली घालून खात होता.

पुतण्या मागून वाकून म्हणाला, "काका, उठायचं ना? लोक खोळंबलेत."

हैबतरावांनी पुतण्याकडे नुसतं बघितलं. पलीकडे भिवाजीरावांना काही ऐकू गेलं नसावं, पण कसं कोण जाणे त्यांना सगळं कळलं होतं. ते रिकाम्या पत्रावळीवर बोटं फिरवत बसून राहिले.

कोंडाजीच्या लक्षात आलं. घास तसाच हातात धरून तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमी उठा. मला येळ लागंल."

"लागू दे."

"लई येळ लागंल, साहेब."

"जेव तू, कोंडाजी. माझं व्हायचंय अजून."

त्यांच्या पत्रावळीवर काहीच उरलं नव्हतं. कोंडाजीने ते बघितलं आणि खाली मान घालून तो घास तोंडात घातला. उन्हाच्या झळांत हैबतरावांचा हात वाळत होता. पंगतीतलं कुणी उठलं नाही.